तीनशे बारा मशीन, न विचारता

३ मार्च, मंगळवार

पुन्हा अडकलं! ऐंशी टक्क्यांपर्यंत सुरळीत जातं आणि मग पडद्यावर प्रश्न टाकून बसतं — 'पुढे जायचं का?' अरे बाबा, जायचंच आहे!

हॉस्पिटलच्या तीनशे बारा कॉम्प्युटरवर रविवारी नवं सॉफ्टवेअर चढवायचंय. नेटवर्कवरून, एकाही मशीनला हात न लावता. म्हणजे ते जे जे विचारेल त्याची उत्तरं मी आधीच एका फाइलमध्ये भरून पॅकेज बांधायचं. अटी मान्य? हो. जुनं काढू? हो.

नवरा म्हणाला, "घरासाठीपण एक बनव. न विचारता भांडी घासणारं." हसू आलं नाही. मला कायम करायचं की नाही, ते साहेब महिनाअखेरीला ठरवणार आहेत.

६ मार्च, शुक्रवार

तीन मशीनवर चाचणी. एकदाही तोंड उघडलं नाही त्याने!

साहेबांनी ठेवायच्या प्रोग्रॅमची यादी दिलीय — यादीत नसलेलं सगळं त्याच झटक्यात काढायचं. तीनशे बारांची माहिती चाळताना एका मशीनवर एका प्रोग्रॅमचं अनोळखी नाव दिसलं. साहेबांना विचारलं. "यादीत आहे का? नाही ना? मग उडव." कुणाचं मशीन ते बघायला तळमजल्यावर जावं लागलं असतं. नाही गेले.

८ मार्च, रविवार

दुपारी दोनला सोडलं. चारला तीनशे बाराच्या तीनशे बारा हिरवे!

१० मार्च, मंगळवार

ते अनोळखी नाव कशाचं होतं, ते आज कळलं.

ते मशीन ऑपरेटरताईंचं. बावीस वर्षं हॉस्पिटलचे फोन जोडतात. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांच्या कानात बोलायचा. तोच मी उडवला.

काल सकाळपासून त्यांचं मशीन मुकं. आमच्या विभागाला फोन केला तर कुणीतरी म्हणालं, "नवीन आहे, होईल सवय." मग सगळे नंबर पाठांतरावर जोडत बसल्या. पण रक्तपेढीचा नंबर कालच बदललाय. सूचना कॉम्प्युटरवर आली होती — ती त्यांना वाचून कोण दाखवणार?

आज अपघात विभागाला तातडीने रक्त हवं होतं. ताईंनी जुनाच नंबर जोडला, फोन रिकाम्या खोलीत वाजत राहिला. अकरा मिनिटं.

पेशंट वाचला. वाचला. वाचला.

११ मार्च, बुधवार

चौकशी समिती बसतेय. साहेबांनी दार लावून घेतलं. "चूक ऑपरेटरची आहे. कुठल्या मशीनवरून काय उडवलं त्या लॉगचं तू काही काढू नकोस. महिनाअखेर लक्षात आहे ना?" मी मान हलवली. होकारार्थीच हलली मेली!

संध्याकाळी खाली गेले. ताईंच्या शेजारी बसून प्रोग्रॅम परत टाकला. "आवाज बाईचा ठेवू की पुरुषाचा?"

"बाईचाच ठेव गं. पुरुष काय, दिवसभर फोनवर ओरडतच असतात."

हसल्या. मला राहवलं नाही. "ताई, मीच काढला होता तो."

"माहीत असतं तर काढला असतास का?"

माहीत करून घ्यायला एक जिना उतरायचा होता फक्त.

१२ मार्च, गुरुवार

दिला अहवाल! लॉग, यादी, साहेबांचं 'उडव', माझं न जाणं — सगळं दोन पानांत. साहेबांना न दाखवता थेट समितीकडे.

"नोकरी गेली तर?" नवऱ्याने विचारलं.

"गेली तर गेली." म्हणाले खरी. पण मग घरखर्चाचा हिशेब मांडत बसले.

१३ मार्च, शुक्रवार

समितीतल्या डॉक्टरबाईंनी बोलावून एक कागद पुढे केला. "तुमचं खरं मानायचं, तर मग हे काय?" खाली ऑपरेटरताईंची सही, मंगळवारची तारीख. मजकूर — 'चूक सर्वस्वी माझी, स्वखुशीने नोकरी सोडत आहे.'

प्रत घेऊन खाली पळाले. ताईंना वाचून दाखवली.

"साहेबांनी वाचला तेव्हा मशीन बंद असल्याची तक्रार होती त्यात, म्हणून सही केली," म्हणाल्या. मग हेडफोन काढून ठेवला. "चल वर. हात दे."