सतरावा खंड

प्रिय ठमे,

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. "मावशी, वर्गात आहे गं, नंतर करते," म्हणशील, आणि ते नंतर काही येणार नाही. गेल्या दोन महिन्यांत चार वेळा असं झालंय. कागद निदान मध्येच कट करता येत नाही.

तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं की लगेच दुखायचा थांबतो, ते तुला माहीतच आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आमच्या वाचनालयाच्या संदर्भ विभागाला नवीन रंग दिलाय, हिरवट, अगदी दवाखान्यासारखा. परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मला इंग्रजी कादंबरीवर काहीतरी हवंय." काहीतरी म्हणजे काय, कुठली कादंबरी, कधीची, असं मी नेहमीप्रमाणे विचारायला हवं होतं. त्याऐवजी तिला खुर्चीवर बसवलं आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. पाच वर्षांपूर्वी तूही त्याच टेबलापाशी उभी राहून अगदी हेच म्हणाली होतीस. फक्त मॅडमच्या जागी मावशी म्हणालीस, आणि मी डोळे वटारल्यावर जीभ चावलीस.

तीन वर्षं माझ्याकडे राहिलीस. कॉलेज माझं, घर माझं, मुलगी ताईची, पण लोकांना वाटायचं माझीच. मीही कुणाला दुरुस्त करायला जायचे नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी तू विषय घेतलास तो जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या मोलकरणींचा. तुमचे सर म्हणाले, विषय चांगला आहे पण साधनं मिळणार नाहीत. तू घरी येऊन दप्तर आपटलंस. दुसऱ्या दिवसापासून आपण दोघी बसलो. पुस्तक उघडलं की आधी मागची संदर्भसूची बघायची, हे मी तुला शिकवलं. एका चांगल्या लेखाच्या तळटिपा धरून मागे मागे गेलं की दहा लेख सापडतात, हेही. कॅटलॉगमध्ये 'मोलकरीण' टाकून काही येत नसेल तर 'घरकाम' टाक, 'नोकर' टाक, त्या काळचे लोक त्यांना काय म्हणत ते शोध आणि तो शब्द टाक. प्रत्येक टिपणावर पान क्रमांक, अगदी चहा सांडला तरी पुसला जाणार नाही असा. तू भराभर शिकलीस. इतकी वर्षं मी या टेबलावर बसले, पण इतक्या लवकर शिकणारं कुणी पाहिलं नाही. हे मी आजही म्हणते, आणि म्हणताना मला बरं वाटत नाही.

दोन महिन्यांत तुझ्याकडे मालकिणी मोलकरणींबद्दल काय म्हणत त्याचा ढीग जमला. समीक्षक काय म्हणत त्याचाही. पण मोलकरीण स्वतः काय म्हणत होती? तिने ती कादंबरी वाचली होती का? एक ओळ सापडेना. तू टेबलावर डोकं टेकून म्हणालीस, "मावशी, मला हवंय ते कुणी लिहिलंच नाहीये." मी म्हणाले, "मग तसंच लिही. शोधलं, इथे इथे शोधलं, आणि सापडलं नाही. तेही संशोधनच असतं." तू मान हलवलीस. मला वाटलं, पटलं.

आणि आठ दिवसांनी तू नाचत घरी आलीस. तळघरात त्या जुन्या विलायती साप्ताहिकाचे बांधीव खंड आहेत ना, त्यातल्या सतराव्या खंडात, पान दोनशे बारा, संपादकाला एका मोलकरणीचं पत्र! तुझ्या टिपणवहीत उतरवून आणलेलं. आपल्यासारख्या बाईला कादंबरीत नेहमी दाराआड उभी करतात, दाराआडून तिला काय दिसतं ते कुणी विचारत नाही, असं काहीसं तिने लिहिलं होतं. मालकीण बाहेर गेली की भांडी घासता घासता मी तिचं पुस्तक वाचते, ओला हात लागू नये म्हणून कोपराने पान उलटते. मी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मी तुला म्हणाले, "जग कुठेही जा, सारखंच गं." तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दप्तरात काहीतरी शोधत होतीस.

तळघराला अठरा पायऱ्या आहेत. मी उतरून तो खंड बघितला नाही. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर बघितला असता.

पुढचं तुला माहीत आहे. प्रबंधाला पहिलं बक्षीस, सरांनी तो नियतकालिकाकडे पाठवला, छापून आला, तू पुढच्या शिक्षणाला गेलीस. मी तो अंक माझ्या टेबलाच्या खणात ठेवला होता. विषय निघो न निघो, मी खण उघडायचे. आता तुला माहीत नाही ते सांगते.

गेल्या वर्षी एका परगावच्या संशोधक बाईंचं पत्र आलं. मोलकरणी काय वाचत असत यावर त्या पुस्तक लिहीत आहेत. पंधरा वर्षं अशा एका पत्राच्या शोधात होते, असं त्यांनी लिहिलं होतं. तुझ्या लेखात ते मिळालं, त्यावर त्यांना अख्खं प्रकरण उभं करायचं होतं, तेव्हा त्या पानाची प्रत पाठवाल का? मी अभिमानाने खाली गेले. रॅकवर सोळावा खंड होता आणि त्याच्याशेजारी अठरावा. कॅटलॉगच्या जुन्या कार्डावर मात्र स्वच्छ लिहिलेलं, खंड एक ते बावीस.

मी तुला फोन केला. आठवतंय? तू भाजी आणायला बाहेर पडली होतीस, मागे रस्त्याचा आवाज होता. मी विचारलं, सतरावा खंड तू कुठे बघितलास? तू क्षणभरही थांबली नाहीस. म्हणालीस, "खालच्या रॅकवर नव्हता गं, शिडीकाकांनीच कुठूनतरी काढून दिला होता."

शिडीकाका. माझ्याबरोबर सव्वीस वर्षं तळघर सांभाळणारा माणूस. हातात कायम ती लाकडी शिडी असायची म्हणून तुम्हा पोरांनी ठेवलेलं नाव, आणि ते त्यांना आवडायचंही. तुला परीक्षेच्या आधी वाचनालयाची वेळ संपल्यावरही पाच मिनिटं जास्त बसू द्यायचे. मी त्यांना बोलावलं. ते म्हणाले, "बाई, सतरावा खंड मी कधी हातात धरलेलाच नाही." मी म्हणाले, पोरगी सांगतेय तुम्ही काढून दिलात. ते म्हणाले, "तिचा घोटाळा होत असेल." त्याच्या आदल्या वर्षी तळघरात पाण्याचा नळ फुटला होता, भिजलेली चाळीस-पन्नास पुस्तकं त्यांनीच बाहेर काढून रद्दीत दिली होती, यादी करून. मी मनात जोडून टाकलं. यादीत लिहायला विसरले असतील, आणि आता कबूल करत नाहीत. माझी मुलगी खोटं बोलेल हे माझ्या मनात डोकावलंसुद्धा नाही. सव्वीस वर्षांचा माणूस खोटं बोलेल हे मात्र लगेच पटलं.

मी रीतसर अहवाल दिला. प्राचार्यांनी त्यांचा जबाब घेतला. निवृत्तीला दोन महिने राहिलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात शेरा पडला, 'दुर्मिळ ग्रंथ निष्काळजीपणे गहाळ'. तो मजकूर माझा आहे, ठमे. प्राचार्यांनी मलाच लिहून द्यायला सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपाचा कार्यक्रम नको म्हणून सांगितलं. तळघराच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या, त्यांची पावती मागितली, आणि ती घडी करून खिशात घालून गेले. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी कशाची पावती मागितली नव्हती.

त्या संशोधक बाईंना रिकाम्या हाताने परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून दुसऱ्या एका मोठ्या ग्रंथालयातून सतराव्या खंडाची प्रत मागवली. चार महिन्यांनी पानांच्या छायाप्रती आल्या. पान दोनशे बारावर बटाट्यावरच्या रोगाबद्दल लेख आहे. मला वाटलं, पान क्रमांक चुकला असेल. अशा चुका होतात. मी आधीचं पान बघितलं, नंतरचं बघितलं, आणि मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. सहाशे चोवीस पानं. जेवणाच्या सुट्टीत, सुट्टीच्या दिवशी, अकरा दिवस. पत्रं सगळी वाचली. बिशपचं आहे, तीन शाळामास्तरांची आहेत, एका बाईचं कुत्रा हरवल्याचं आहे. मोलकरणीचं नाही. मग वाटलं, खंड क्रमांक चुकला असेल, म्हणून आपल्याकडचे सगळे खंड काढले. शिडीवर मीच चढले.

शेवटी खणातला तुझा लेख पुन्हा काढला आणि ते पत्र पुन्हा वाचलं, आणि या वेळी कोपर ओळखलं. अगं, ती माझी आई. तुझी आजी. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासताना ओट्यावर त्यांच्या मुलांची पुस्तकं उघडी ठेवून वाचायची, आणि हात ओले म्हणून कोपराने पान उलटायची. हे ताईलाही नीट आठवत नाही, ती तेव्हा शाळेत असायची. मी लहान म्हणून आई मला बरोबर न्यायची, मी त्या मोरीच्या कडेला बसून बघितलंय. आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. तुला ताप आला होता आणि तू म्हणालीस, मावशी काहीतरी सांग, तेव्हा. तू ते उचललंस, इंग्रजीत घातलंस, त्याला खंड आणि पान क्रमांक दिलास, आणि माझ्याच समोर ठेवलंस. मी रडले ते तुला कळलं होतं. तेव्हा तरी बोलायचं होतंस गं. मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग आपण दोघींनी मिळून ते पान काढून टाकलं असतं.

त्यानंतर जुनी दाखल नोंदवही काढली. साठ वर्षांपूर्वीची, पानं तुटायला आलेली. ते खंड दाखल झाले त्या नोंदीसमोर पेन्सिलीने बारीक लिहिलंय, 'सतरावा आला नाही, कळवले आहे.' तो आपल्याकडे कधी नव्हताच. रॅकवरची मोकळी जागा तू बघितली होतीस, कार्डही बघितलं होतंस, आणि कुणाला तपासता येणार नाही अशी जागा निवडली होतीस. मीच शिकवलेलं सगळं वापरलंस.

गेल्या रविवारी शिडीकाकांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं, नोंदवहीचं, छायाप्रतींचं, तुझं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मला त्या दिवशी विचारलंच नाहीत. सांगितलंत." मी माफी मागितली. ते म्हणाले, "मला काय सांगता? जिथे लिहिलंय तिथे खोडा." आतून त्यांच्या बायकोने कोण आलंय म्हणून विचारलं. ते म्हणाले, "कुणी नाही, वाचनालयातून आलेत." आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळू.

तुझ्यावर मी रागावलेय का? रागावणं फार लहान पडेल. रात्रीच्या जेवणाचं ताट वाढताना अजूनही तुझ्या आवडीचं काही झालं की तुझी आठवण येते, आणि मग ती आठवणही खरी होती का, असं वाटून घास तसाच राहतो. तापात माझा हात धरून झोपायचीस, ते तरी खरं असेल ना? हे मला कुठल्या नोंदवहीत बघता येणार नाही.

परवा तुझ्या नव्या विद्यापीठाकडून शिफारसपत्राचा फॉर्म आला. नमुना लेखन म्हणून तू तोच लेख जोडला आहेस आणि विद्यार्थिनीला चांगलं ओळखणारी व्यक्ती म्हणून माझं नाव दिलं आहेस. म्हणून हे पत्र. तो फॉर्म मी भरणार नाही. याच पाकिटात आणखी एक कागद आहे, तो नियतकालिकाच्या संपादकांना, आमच्या प्राचार्यांना, तुमच्या सरांना आणि त्या संशोधक बाईंना लिहिलेला आहे. मोलकरणीचं पत्र अस्तित्वात नाही, खंड कधी हरवला नाही, आणि शेरा चुकीच्या माणसावर मारला गेला, तो मी लिहिला, एवढंच त्यात आहे. कोपराबद्दल काही नाही, ते आपल्या घरचं आहे. खाली माझी सही केली आहे आणि तिच्यावर एका सहीपुरती जागा मोकळी सोडली आहे. तो कागद दहा दिवसांत परत आला तर तसाच पाठवेन. आला नाही तर माझ्याकडे दुसरी प्रत आहे, तिच्यावर एकच सही आहे, ती जाईल. दोन्हींपैकी कुठली जावी असं मला वाटतं, ते तुला सांगावं लागू नये.

तुझीच, काहीही झालं तरी,
मावशी