मामीनं धुवायला नेलेले शर्ट

३ ऑक्टोबर
आले एकदाची वन्यजीव उद्यानात. मामा इथला मुख्य रक्षक, त्यानंच मला मदतनीस म्हणून चिकटवलं. आईला म्हणाला, पोटच्या पोरीसारखी सांभाळीन. खोली पेटीएवढी, पण खिडकीतून तळं दिसतं. आल्याआल्या एक पाणमांजर दिसलं, मासा दोन्ही पंजांत धरून मक्याच्या कणसासारखा खात होतं. मामीनं माझे प्रवासातले घामट शर्ट धुवायला नेले. एवढे लाड आईनंही केले नव्हते.

७ ऑक्टोबर
खारींच्या शिव्या ओळखायला लागलेय. घार दिसली की वेगळी, मी दिसले की वेगळी. मामा म्हणतो, आधी प्राण्यांनी आपल्याला ओळखायचं, मग आपण त्यांना. इथले लांडगे पिंजऱ्यात वाढलेले, शिकार न शिकलेले. मामा दुपारी दगडी चौथऱ्यावर मांस ठेवतो आणि मी टेकडीवरच्या लाकडी खोपटातून दुर्बिणीनं बघते. फाटक्या कानाची एक लांडगीण सगळ्यांवर डाफरत असते. तिचं नाव मी आत्याबाई ठेवलंय.

१२ ऑक्टोबर
मामी रोजचा शर्ट नेते, परत एकही येत नाही. म्हणते, वाळले नाहीत. इथं ऊन तर मी म्हणतंय. मागचा मदतनीस कुठं गेला असं मामाला विचारलं. त्याला रान मानवलं नाही म्हणाला आणि विषय बदलला.

१५ ऑक्टोबर
चौथऱ्यावर आज निळं काहीतरी दिसलं. माझा शर्ट. मांस त्यात गुंडाळलेलं होतं. आत्याबाईनं आधी शर्ट हुंगला, शेपटी हलवली, मग खाल्लं. खाऊन झाल्यावर सगळ्यांनी माना वर करून माझ्या खोपटाकडे पाहिलं. माझा वास आला की जेवण, हे शिकवतोय तो त्यांना.

१६ ऑक्टोबर
मामाला विचारलं. नाकारलंही नाही त्यानं. म्हणाला, दोन हिवाळ्यांपूर्वी लांडगे कुंपण ओलांडून त्याच्या पोरांच्या शाळेच्या वाटेवर आले. तिथं एकाला खाल्लं, तेव्हापासून त्यांना माणसाची चटक लागलीय. आत एक मिळालं की बाहेर जात नाहीत. गेल्या वर्षी तो मदतनीस. तू बहिणीची आहेस, पण ती पोरं माझी आहेत, म्हणाला आणि रडला. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला, इतकी मूर्ख मी. मग डोळे पुसून विचारतो, जेवलीस का. केसानं गळा कापला सख्ख्या मामानं. फोन मामीनं कधीच उचलून नेलाय.

१७ ऑक्टोबर, सकाळ
पळाले. फाटकाला कुलूप. मागं गवत हललं. कशीबशी खोपटात शिरले. दाराची आतली कडी उखडलेली — कुणी, ते सांगायला नको. दाराला पाय लावून बसलेय.

दुपार
बाहेर बसलेत सगळे. गुरगुरत नाहीत. शेपट्या हलवतात. आत्याबाई दार चाटतेय —

अंगातला शर्ट फेकला खिडकीतून. हुंगला. परत दाराकडेच —

जीप आली. मामा. राहवलं नाही त्याला. शेवटी आईचा भाऊ —

बाहेरून म्हणतोय, बाळा, पाय काढ, मी हाकललंय त्यांना. लहानपणी ताप आला की असंच बोलायचा. काढू का पाय —

फटीतून त्याचे बूट दिसतात. बुटांशेजारी पंजे —

खांदा लावलाय त्यानं दाराला. मामा, अरे मी तुझी —