मॅटाडोरमधला आडवा पत्रा

१७ फेब्रुवारी १९८८

म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, आणि मागचा लोखंडी पाइप सुटून सरळ पुढं आला — दत्तूदादाच्या खांद्यात! हाड मोडलं. चार बोटं इकडं असता तर मानच गेली असती. दादा ओरडलासुद्धा नाही. "नागू, गाडी बाजूला घे," एवढंच.

विहिरीतली मोटार काढायला निघालो होतो. ती अजून विहिरीतच आहे.

२० फेब्रुवारी

ड्रायव्हर आणि माल यांच्यामध्ये काहीतरी आडवं पाहिजे, हे आता सगळ्यांना पटलंय. काय पाहिजे, यावर मात्र अख्ख्या मानवत गावाचं मत वेगळं! कोणी म्हणतं फळ्या मार. कोणी म्हणतं जाळी. जब्बारचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो तर ते हसले. "जाली मुर्ग्यांकू लगाते भाई. पत्रा मारो, बेफिकर चलाओ."

मला सगळ्यांचंच पटतं. हीच माझी खोड. शेवटी जो बोलला तो खरा वाटतो. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान मी आणि दादा, दोघा भावांचं, पण आजवर कुठला निर्णय मी एकट्यानं घेतल्याचं आठवत नाही.

२४ फेब्रुवारी

आई म्हणते जाळीच घाल. "मागून तुझं तोंड तरी दिसंल." अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत वस्ती जळाली, आम्ही गाव सोडून मानवतला आलो, तेव्हापासून तिला बंद जागा सोसत नाही. खोलीचं दारसुद्धा लावू देत नाही.

आणि तिला मागं बसायचंच आहे. माझ्या बायकोला, सत्यशीलाला, आठवा लागलाय. पहिलं बाळ घरीच आलं आणि घरीच गेलं. या वेळी परभणीचा मोठा दवाखाना गाठायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. न्यायला आपलीच गाडी. सत्यशीला मागं वाकळेवर आडवी, आई तिच्या उशाशी. मग जाळीच बरी. हाक मारली की ऐकू येईल.

ठरलं. जाळी.

२८ फेब्रुवारी

जाळी बसवली. दादा आला, हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातानं पाइप उचलला आणि जोरात ढोसला. तार फाटून टोक माझ्या सीटपर्यंत आलं!

"हे बघ. हे तुझ्या टाळक्यात."

मी म्हणालो, मग पत्रा मारू, पण मधे एक छोटी खिडकी ठेवू. दादा भडकला. "खिडकी म्हंजे पाइपाला दार करून द्यायलास का? ज्याचा खांदा मोडला त्याला इचार की जरा!" चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी दादाच्या बाजूनं मान हलवली. त्याचा मोडका खांदा समोर असताना खिडकीचं नाव कसं काढायचं?

७ मार्च

पत्रा बसला. जाड, बिनखिडकीचा, हिरवा रंग दिलेला. सत्यशीला बघून म्हणाली, "झालं, आता तुमचं अन् आमचं घर येगळं." हसत म्हणाली, पण मला लागलं.

आई मागं बसून बघायला गेली आणि लगेच खाली उतरली. "घागरीत बसल्यावानी वाटायलंय रं."

संध्याकाळी मात्र गंमत झाली. वळणावर ब्रेक मारला, मागून मोटार, साखळी, पाइप सगळं पत्र्यावर धाडकन् आदळलं — आणि आम्ही दोघं शाबूत! दादा माझ्याकडं बघून हसला. खांदा मोडल्यापासून पहिल्यांदाच. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लय बरं वाटलं.

२ एप्रिल

ऊन फार. सत्यशीलाचे पाय सुजलेत. रोज गाडीची टाकी भरून ठेवतो.

११ एप्रिल

लिहिणार नव्हतो.

सकाळी कळा सुरू झाल्या. मागं वाकळ टाकली, दोघी बसल्या. पुढं मी आणि दादा. कोल्हा गाव मागं टाकलं आणि पत्र्यावर थापा सुरू झाल्या. धाड धाड धाड.

आमच्या धंद्यात मागं बसलेल्यानं एक थाप मारली तर थांब. थापांवर थापा मारल्या तर — चल, जाऊ दे. मालाच्या गाडीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. अंगातच भिनलंय. आईला ते कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं सुचलंसुद्धा नाही.

दादा म्हणाला, "दाब, दाब. आई घाई करायलीय."

मी दाबला. थापा वाढल्या. मी आणखी दाबला. पेडगाव आलं. तिथं रस्त्यालगतच नर्मदाबाई नर्सचं घर आहे, आईच्या ओळखीच्या. पत्रा नुसता घुमत होता. आणि मला वाटलं, शाबास, नीट चाललोय आपण! पेडगावातून हॉर्न वाजवत गेलो.

दवाखान्याच्या आवारात मागचं दार उघडलं. आईचे तळवे सुजून लाल झालेले. मांडीवर बाळ. मुलगा. गळ्याला नाळ गुंडाळलेली.

"थांब म्हणून किती बडवलं रं! गाडी लय उसळायली, हात ठरंना माझा. नाळ सुटंना. तू थांबंचना!"

डॉक्टरांना विचारलं, मधे थांबलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. सत्यशीला तेवढी वाचली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

१३ एप्रिल

चाचा घरी आले. बराच वेळ बसले. जाताना हळूच विचारलं, "निकाल दूँ क्या पत्रा?" मला हो म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही.

दादा आणि मी एकमेकांकडं बघत नाही. "दाब" तो म्हणाला होता. पाय माझा होता. त्याला बोल लावावासा वाटतो, पण जीभ उचलत नाही. तोही खांदा धरून नुसता बसलेला असतो.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. आमच्या दारासमोर पोरांनी ढोल थांबवला. पुढच्या वळणावर गेल्यावर पुन्हा सुरू केला. त्यांनी वाजवला असता तरी चाललं असतं. ती शांतता जास्त अंगावर आली.

१९ एप्रिल

एका गिऱ्हाइकाच्या शेतावरून माणूस आला. मोटार जळालीय, ऊस वाळायलाय, आजच चला. गेलो. पाइप घेऊनच जावं लागतं. आणि पाइप घेऊन जायचं तर पत्रा पाहिजेच! काढला तर दादाची मान जायची. ठेवला तर रोज त्याला पाठ टेकून बसायचं. बसलो.

रस्ताभर मागं सामान वाजत होतं. तीनदा गाडी थांबवून मागं जाऊन बघितलं.

२४ एप्रिल

दुपारी शेजारची पंचफुला आली होती. ओट्यावर आईजवळ बसली, सत्यशीला भिंतीला टेकून. मी आत आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पंचफुला म्हणाली, "लोकं म्हनायल्यात, नागूनं पेडगावला थांबवायला पायजे होतं."

आई म्हणाली, "त्याला कशाला बोल लावायल्यात? मीच बडवून बडवून सांगत हुते — थांबू नगं, दवाखाना गाठ. म्हातारीचं डोकं चाललं न्हाई बाई. माझंच चुकलं."

मग सत्यशीला बोलली. त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"हो. आत्याबाईच चल म्हनत हुत्या."

मी दाराआड उभा होतो. बाहेर जाऊन खरं सांगायचं होतं. गेलो नाही.