मांडून ठेवलेला डाव

बाबा, त्या रविवारी कारखान्याच्या क्लबात मागच्या बाकांवर बसलेल्या कामगारांची आणि माझी तुमच्याविरुद्ध एकच तक्रार आहे: जिंकलेला डाव तुम्ही सोडून दिलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला त्याची किळस येते.

अंबरनाथच्या त्या बुद्धिबळ स्पर्धेची ढाल दर वर्षी साहेब लोकांच्या क्वार्टर्समध्येच जायची. त्या वर्षी शेवटच्या फेरीत तुमच्यासमोर तुमचेच मॅनेजर, अर्ध्या गुणाने पुढे. तुम्हाला जिंकणंच भाग होतं. मी तेव्हा कॉलेजात. भिंतीवरच्या मोठ्या पटावर खिळ्यांना सोंगट्या अडकवून तुमच्या खेळी लोकांना दाखवत होते. तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलंत आणि दुसऱ्याच खेळीला शेजारचं प्यादं मरायला पुढे केलंत. बदलापूर गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात, आईच्या परातीशेजारी पट मांडून हीच सुरुवात तुम्ही मला शिकवली होती. "द्यायला घाबरायचं नाही. एक प्यादं गेलं की वाट मोकळी होते." पुढे सभांमधून मी जेवढी भाषणं ठोकली, ती सगळी या वाक्यावर उभी आहेत.

आणि वाट मोकळी झालीच. साहेबांचा राजा मधेच अडकलाय, तुमचा हत्ती मोकळ्या रांगेत आहे. वजीर उचलला की पुढच्या खेळीला मात. उल्हासनगरचा सिंधी कँटीनवाला चहाचे ग्लास विसरून ओरडतो, "अरे काका, मात है, मात! सोचते क्या हो?" साहेब घाम पुसतात, पुढे वाकतात आणि हळूच हसून म्हणतात, "काय हो, पोरीला आपल्याकडे नोकरीला चिकटवायचंय ना?" तुम्ही माझ्याकडे बघता. वजिराकडे निघालेला हात साहेबांपुढे करता. "बरोबरी, साहेब."

साहेबांनी ढाल उचलली, सगळ्यात आधी टाळी तुम्ही वाजवलीत.

घरी आईने विचारलं, "हरलात?"

"बरोबरी. मानाची."

मानाची! गिरण्यांच्या संपानंतरची वर्षं होती, नोकऱ्या मिळत नव्हत्या, सगळं कळतं मला. पण ती नोकरी मी मागितली नव्हती, घेतलीही नाही.

हे पत्र कुठे धाडणार? सोंगट्यांच्या डब्यात राहील. एक सांगते. तो डाव मी अजून मांडते. साहेबांच्या बाजूला मी बसते, तुमची खुर्ची रिकामी ठेवते. ती खेळी माझ्या हाताने मी कधीच केलेली नाही.

वजीर उचला, बाबा.