कामावरून मोकळं करण्याची तारीख

६ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गोळ्या वेळेवर घेता असं लिहिलंत, ते निम्मं खरं धरलं आहे. फोनच करणार होते, पण मशीनच्या खडखडाटाने तुमचे कान असे झालेत की मी काहीही विचारलं तरी जेवलो म्हणून सांगता. तेव्हा पत्रच बरं.

माझं घोडं अडलंय रेझ्युमेपाशी. हे शेवटचं वर्ष, महिनाअखेरीला कंपन्या येणार, आणि प्लेसमेंटच्या मॅडमनी माझा कागद तिसऱ्यांदा परत केला. शिक्षण लिहून झालं की खाली अर्धं पान पांढरंफटक. बाकीच्या मुलींनी सुट्टीत कुठल्या कुठल्या ऑफिसांत कामं केलीत. मी आपलं लिहिलंय, मेहनती, जिद्दी, छंद वाचन आणि संगीत. मॅडम म्हणाल्या, असे कागद त्यांच्याकडे दिवसाला चाळीस येतात. शिवाय बारावीनंतरची दोन वर्षं कुठे गेली, असंही विचारलं. आईचं शेवटचं आजारपण, तुम्ही दवाखान्यात आणि मी दुकानात, हे काय लिहायचं? प्रत सोबत ठेवली आहे. तुम्हीच सांगा, त्या दोन वर्षांत मी केलं काय?

आत्याला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या, वाढला तरी माझी हरकत नाही.

तुमची
गुंडी


१२ जानेवारी

चि. गुंडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बायोडाटा आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. संगीत या छंदापाशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मेहनती आणि जिद्दी मी खोडलंय. ते गिऱ्हाइकाने म्हणायचं असतं, आपण आपल्या तोंडाने नाही.

काय केलं म्हणून मलाच विचारतेस? कमाल आहे! दुरुस्तीला आलेल्या मशीनला आपण चिठ्ठी बांधतो ना, काय बिघाड होता, काय केलं, कसं परत गेलं? तसंच लिही. कपड्यांच्या कारखान्यातली अकरा मशीनं टाके सोडत होती. तू आठ दिवसांत सगळ्यांची शटलं बदलून दिलीस आणि त्यातलं एकही परत आलं नाही. सुट्या भागांचा उकिरडा झाला होता, त्याचे डबे लावून वर नावं चिकटवलीस. शिवणवर्गातल्या चौदा बायकांना तेल कुठे आणि किती घालायचं ते शिकवलंस. तेव्हापासून त्या दुकानाकडे फिरकत नाहीत, पण धंदा बुडवलास ते लिहू नकोस.

सगळं पेन्सिलीने भरून पाठवतोय. वर दुकानाचं नाव घातलंय आणि पुढे 'मेकॅनिक, पाच वर्षांपूर्वीपासून आजतागायत'. सुट्टीत येतेस ती काय पाहुणी म्हणून? तुझं टेबल मी कोणाला दिलेलं नाही.

इकडे सर्व ठीक. संध्याकाळी दुकान फार मोठं वाटतं, एवढंच. खातपीत जा आणि या म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा
बाबा


४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची पेन्सिल मी शाईने गिरवली आणि सगळं एका पानात सुटसुटीत बसवलं. मॅडमनी दोनदा वाचलं आणि हे आधी दडवून का ठेवलं होतं, म्हणून मलाच झापलं.

आता ऐका, आत्यालाही बोलवा. शिलाई मशीन बनवणारी कंपनी आली होती. त्यांच्या साहेबांनी माझ्या अकरा मशीनवर बोट ठेवलं, खरं का म्हणून विचारलं, आणि सोबत आणलेलं मशीन माझ्यापुढे सरकवलं. मी उघडलं, बाबा! एकदा स्क्रू हातात आल्यावर समोर साहेब आहेत हेच विसरले. माझी निवड झाली! कारखान्यांतून फिरून मशीनं बसवायची आणि तिथल्या लोकांना शिकवायचं. फक्त लांब आहे. घरापासून दोन दिवसांचा प्रवास, आणि वर्षातून एकदाच पंधरा दिवस रजा.

आणि एक घोळ झालाय. 'आजतागायत' वाचून मी अजून तुमच्या नोकरीत आहे असं त्यांनी धरलंय. मालक म्हणजे माझे वडीलच, हे मी सांगितलं. साहेब हसले, पण नियम तो नियम म्हणाले. तुम्हाला एक फॉर्म येईल. मला कामावरून कधी मोकळं करणार ती तारीख टाकून त्यावर सही करायची. २८ फेब्रुवारीपर्यंत तो पोचला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची.

मला ही नोकरी फार हवी आहे. आणि निवड झाल्यापासून घरची आठवणही फार येते. आमच्या खोलीखालच्या शिंप्याचं मशीन टाका सोडतंय हे मला जिन्यावरूनच कळतं आणि आत शिरून ते उघडावंसं वाटतं.

माया पातळ करू नका.

तुमची
गुंडी


१७ फेब्रुवारी

चि. गुंडीस,
आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बापाला न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तरात माझं नाव काढशील तर खबरदार. फॉर्म येऊन नऊ दिवस झाले. सगळा भरलाय, सहीसुद्धा केलीय. तेवढा तारखेचा चौकोन कोरा. रोज दुकान उघडलं की तो कागद काढतो, चष्मा पुसतो, वाचतो आणि परत ड्रॉवरमध्ये घालतो. टपालात टाक म्हटलं तर म्हणे पेन चालत नाही. दुकानात सात पेनं आहेत, मी मोजली.

काल मी तडकलेच. पोरीचं नुकसान करतोयस, म्हटलं. तेव्हा म्हणाला की तिला हात धरून शिकवलं ते ती शेजारी बसावी म्हणून, आता जायची तारीख त्याच हाताने कशी घालू? माझ्याही डोळ्यांत पाणी आलं गं. वाईट नाही तो. पण अडून बसला की भिंत परवडली.

तूच त्याला लिही. मलाही तू इथे हवी आहेस, भांडायला घरात कोणी उरलं नाही. पण जागा घालवू नकोस. आत्याला मनातून काढू नकोस.

तुझी
आत्या


२० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोनच ओळी. फॉर्म अजून कंपनीत पोचला नाही असं कळलं. कुठून ते विचारू नका.

मला जायचं आहे, बाबा. खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला माझ्याशिवाय करमणारच नसेल तर तसं सरळ लिहा. मी घरी येईन, दुकानात बसेन आणि कधी कुरकुर करणार नाही. माझ्यावर रागवा, नको म्हणा, पण तो चौकोन कोरा ठेवू नका.

राग गेल्यावर लोभ असू द्या.

तुमची
गुंडी


२४ फेब्रुवारी

चि. गुंडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळी फॉर्म जलद टपालाने पाठवला. पावती सोबत आहे. तुला कोणी कळवलं ते मी विचारत नाही. ती इथेच समोर बसलीय आणि वर बघत नाही.

आधी जूनची तारीख घालणार होतो. मग डिसेंबरची घालावी असं मनात आलं. मालक आहे मी, आणखी सहा महिने अडवू शकतो. तेवढ्यात तुझं पत्र आलं. कुरकुर करणार नाही हे वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. तू आणि कुरकुर करणार नाहीस? म्हणजे पोरीला किती कोंडीत पकडलं मी!

मग खरी तारीख घातली. तू ट्रंक घेऊन कॉलेजला गेलीस त्या दिवसाची, तीन वर्षांपूर्वीची. खाली लिहिलं की मुलगी त्याच दिवशी कामावरून मोकळी झाली, नंतर फक्त सुट्टीत हातभार लावायला यायची. आजतागायत हा शब्द मालकाने घातला, चूक मालकाची आहे, तिची नाही. त्यावरून तुझी जागा जाऊ नये म्हणून आत्याकरवी साहेबांना फोनही लावला. चालेल म्हणाले. एक जूनला हजर हो.

पोस्टातून परत आलो तर पडदे शिवणाऱ्या बाई मशीन घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, मुलगी कधी येणार? दर वेळी मी पुढच्या महिन्यात म्हणून सांगतो. आज सांगितलं, ती आता इथे काम करत नाही. त्यांना ते ऐकू गेलं नाही बहुतेक, पुन्हा विचारलं. मग मला पुन्हा सांगावं लागलं.

जा बाळा. आमचा लोभ तुझ्याबरोबर येतोच आहे, त्याला रजा लागत नाही.

तुझा
बाबा