दगडाबाईच्या दारात मी बोलले ते

प्रिय सुवार्ता,

येशूच्या नावात सलाम. फोनवर मला तुझं ऐकू येत नाही आणि माझं गल्लीभर ऐकू जातं, म्हणून लिहितेय. अक्षर चौथी नापासाचं आहे, नर्सबाईनं हसू नये.

इकडं ऊस तुटून गेला. चर्चचा पत्रा गळतोय, त्यासाठी कमिटी तीनदा नुसता चहा पिऊन गेली. गेल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, वर्धापनदिनाला तुम्ही सगळ्यांसमोर देवाची साक्ष द्या, तुमचा विश्वास लय जुना. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा ठणठणीत आहे गं.

शेजारची दगडाबाई आठवते ना, उन्हात बसवून तुझ्या उवा मारायची? तुझे आजोबा गेले तेव्हा निम्मी मंडळी लग्नाला वाईला गेलेली. पेटी उचलायला माणसं पुरेनात. दगडाबाईचा नवरा नानासो आला, कपाळावर जोतिबाचा गुलाल तसाच, आणि त्यानं खांदा दिला. आमची प्रार्थना संपेस्तोवर टोपी काढून उन्हात उभा राहिला. आपली चूल बंद, तर दगडाबाईनं तीन दिवस पिठलं-भाकरी आणली. मी खाल्ली.

तीन वर्षांमागं नानासो गेला. मी बसायला गेले. दगडाबाईनं माझा हात धरला, म्हणाली, “आवं, तुमी लय देवाचं बोलता. माजं मालक कुठं असतील वो आता?” कुणीतरी ‘बरा आहे’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि मी भर बायकांत म्हणाले, “त्यानं प्रभूचं नाव कवा घेतलं न्हाई. नरकात.” मला वाटलं, साक्ष दिली. घरी येऊन गुडघ्यावर बसून देवाला सांगितलंसुद्धा, बघ, भ्याले नाही.

तिनं हात सोडला. भांडली असती तर बरं होतं, भांडण मला येतं. तेव्हापासून नाताळच्या फराळाचं ताट तिची सून दारातूनच परत देते, वरचा रुमालसुद्धा न हलवता. सासूबाईंना चालत नाही म्हणते. हीच दगडाबाई पूर्वी करंजीत खोबरं कमी म्हणून मला सुनवायची. आता येशू म्हटलं की तिला माझंच तोंड दिसत असणार.

तर, कशाला लिहिते ते. दगडाबाई न्हाणीत पडली, खुबा मोडला. सोमवारी तिला सांगलीला तुझ्याच वॉर्डात आणतायत. तू तिथं आहेस हे सुनेनं तिला सांगितलेलं नाही, नाहीतर ती यायचीच नाही. तू मात्र ओळख लपवू नकोस. लघवीचं भांडं मागायला ती लाजते, मागायच्या आधी ने. बायबलातली वचनं ऐकवू नकोस. तिनं म्हटल्याशिवाय उशाशी प्रार्थना नको, बाहेर जाऊन कर. आणि तिनं कधी नानासोचं विचारलंच, तर माझी नात म्हणून सांग की आजीला ठाऊक नव्हतं, ती उगाच बोलली. हे सांगायला मी स्वतः दोनदा तिच्या दारापर्यंत गेले होते. तोंड उघडेना.

तुझीच तोंडाळ
आजी