वहीतली ‘घरची’

हर्षालीच्या मायले, बाल्टिक समुद्रावरून रामराम.

जहाज काल पोलंडच्या बंदराले लागलं. मी बरा आहो. जेवण पोटभर भेटते, थंडीचा कोटबी भेटला.

तुह्या आपरेशनचं ऐकून रीगा बंदरातल्या पाद्रीनं प्रार्थनेसाठी तुह्यं नाव इचारलं होतं. बायकोचं नाव कसं घेऊ? मी म्हटलं, ‘घरची’. त्यानं तेच वहीत लिवलं.

ह्या समुद्राच्या काठानं येगयेगळ्या पंथाची चर्चं आहेत. त्यांची पूजा येगळी, पण जहाजवाल्यांसाठी सारे मिळून काम करतात, नावं एकमेकांले कळवतात. म्हणून फिनलंडात दुसऱ्याच पंथाच्या बाईनं इंग्रजीत इचारलं, “घरची कशी आहे?” इथं तिसऱ्या पंथाच्या म्हाताऱ्या फादरनंबी तेच इचारलं. फोन सोडला तर आठ महिन्यांत माह्या बोलीतला शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी तिथंच चर्चच्या पायरीवर बसलो.

टाके सुकले काय? वांकिडीच्या डाक्टरले दाखवलं काय? कापूस येचायले एवढ्यात जाऊ नको. पाणी कोण भरून राह्यलं?

फोनवर आई बाजूले असते, म्हणून हे लिहून राह्यलो. ‘घरची’ हे नाव नाही, ही चूक आज फादरले सांगितली. त्यानं आपली वही अन् पेन देला, पण ‘घरची’ माह्याच्यानं खोडवलं नाही. खाली खरं नाव लिवलं, अन् लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. सुवर्णा.

तू ज्याचं नाव घेत नाही,
तो